डाळिंबी रंगाचं सोनं

आम्ही कॉलेजात लाल रंगाचं सोनं केलं, असं आईला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शिकून शिकून पोरीचं डोकं फिरलं अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. सोनं पिवळं असतं आणि ते करता येत नाही, विकत घ्यावं लागतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिची खात्री पटावी म्हणून मी बाटली घरी आणली. आणली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला अजून कधी कधी वाटतं. पण झालं ते बाटलीमुळे झालं नाही. बाटलीमुळे ते फक्त दिसलं.

मी शहाद्याच्या एका लहानशा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आमचं गाव कळसाडीच्या बाजूला, कापूस आणि उसाच्या पट्ट्यात. रोज स्कूटीनं जाऊन-येऊन करते. शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण नवापूरकडच्या डोंगरातल्या गावची, आदिवासी, आणि घरचे सगळे ख्रिस्ती. ती शहाद्यात खोली घेऊन राहते. विद्यार्थ्यांपुढे आम्ही एकमेकींना मॅडम म्हणतो आणि दार लागलं की भांडतो. भांडण बहुतेक काचेच्या भांड्यांवरून असतं. माझं धुणं तिला कधीच पसंत पडत नाही. मी धुतलेला चंबू ती खिडकीपाशी धरते, भुवया वर करते आणि काही न बोलता पुन्हा धुवायला घेते. याचा मला अतोनात राग येतो.

सोन्याचं काम मात्र तिचंच. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवायचा, पाण्याला उकळी आणायची आणि त्यात लिंबाच्या आम्लापासून केलेला एक क्षार टाकायचा. ऐकायला हे चहा करण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात चंबूला पूर्वीचा जरासा डाग राहिला तरी सगळं बिघडतं. माझ्या हातून नेहमी गढूळ जांभळं काहीतरी व्हायचं. तिनं केलं की आधी फिकट पिवळं पाणी रंगहीन व्हायचं, मग शाईसारखं काळसर, आणि बघता बघता लाल. डाळिंबाच्या रसासारखं स्वच्छ लाल. पहिल्यांदा ते झालं तेव्हा आम्ही दोघी उगाच हसत सुटलो होतो.

सोनं किसा, कुटा, पूड करा, ते पिवळंच राहतं. पण केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत इतका लहान कण झाला की त्याचं प्रकाशाशी वागणंच बदलतं आणि तो लाल दिसायला लागतो. धातू तोच, फक्त लहान झाला. मी पुस्तकातून हे कितीतरी वर्षं शिकवत होते, पण माझा त्यावर खरा विश्वास त्या दिवशी बसला. त्या पाण्यात सोन्याचे असंख्य कण तरंगत असतात. प्रत्येकावर सारखाच विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि वेगळे राहतात. त्यात मीठ पडलं की हे लोटणं थांबतं. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि लाल पाणी निळं पडतं. मंगळवारी पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच दाखवायचं होतं. त्यासाठी तिनं दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या. त्यातली एक मी मागितली. मंगळवारी परत आण, आणि झाकण उघडू नकोस, असं तिनं मला बजावलं.

आईनं बाटली उजेडात धरली, हलवली आणि विचारलं, "खरं सोनं शे का यामा?"

मी म्हटलं, अगदी खरं. सोनार देतो तेच. तेव्हा मला काय ऐट वाटली होती! आईनं बाटली देवघरात नेऊन ठेवली आणि तिला हळदीकुंकू लावलं. मी हसले. दुसऱ्या दिवशी हे मैत्रिणीला सांगितलं, तर तीही हसली. आपल्या सोन्याची पूजा होते आहे म्हटल्यावर तिलाही बरं वाटलं असावं.

हे सोनं करणारी पोर आईला पाहायची होती. तिला घरी आण, म्हणून आई मागे लागली. मलाही तेच हवं होतं, आणि त्याला एक कारण होतं. मागच्या उन्हाळ्यात मैत्रीण दुसरी खोली शोधत होती आणि मी तिच्यासोबत फिरत होते. एका घरी बाईंनी आम्हाला खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, चहा विचारला. मग आडनाव विचारलं. मग त्यांना आठवलं की खोली भाच्यासाठी ठेवायची आहे. रस्त्यावर आल्यावर मी तावातावानं बोलत होते आणि ती शांतपणे पुढच्या घराचा पत्ता बघत होती. शेवटी मी म्हटलं, "आमच्या घरी तसलं काही नाही. तू येऊन बघ."

"बघू," ती म्हणाली.

त्या एका शब्दाचा मला राग आला होता. माझ्या घराबद्दल हिला शंका का यावी? तेव्हापासून ती आमच्याकडे यावी, आईच्या हातचं जेवावी आणि आपण उगाच शंका घेतली असं तिनं एकदा मान्य करावं, हे माझ्या मनात घर करून बसलं होतं. मैत्रीचं म्हणाल तर तिच्याइतकं जवळचं मला दुसरं कोणी नाही. पण त्यात हा हट्टही होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

ती आली श्रावणातल्या शनिवारी, दुपारी. रविवारी आमच्याकडे कानबाई बसणार होती. खानदेशात कानबाई म्हणजे सगळे भाऊबंद एका घरी गोळा होतात. नारळाला नथ-डोळे लावून देवी मांडायची आणि घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजलेल्या गव्हाचे रोट करायचे. ओसरीवर त्याच गव्हाचं निवडणं चाललं होतं. आई होती, वहिनी होती आणि शेजारची काकू मदतीला आली होती. मैत्रिणीनं चप्पल काढली, पाय धुतले आणि कोणी काही म्हणायच्या आत सूप ओढून बसली.

तिचा पाखडण्याचा हात असा काही सफाईदार होता की काकू आपलं सूप ठेवून बघत राहिली. आई तिच्याशी शाळेतलं मराठी बोलायला गेली आणि दोन वाक्यांत दमून अहिराणीवर आली. घरी कोण कोण, शेती किती, आई काय करते, लग्नाचं काय, सगळं विचारून झालं. मैत्रीण सहसा इतकी बोलत नाही. त्या दिवशी बोलली. तिचे वडील भात लावून झाला की सीमेपलीकडे गुजरातेत मजुरीला जायचे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ते आईला पहिल्याच दिवशी कळलं. जेवायला आईनं तिला स्वतः वाढलं, नको नको म्हणत असताना वरणावर तूप ओतलं आणि निघताना लोणच्याचा डबा भरून दिला. माठातलं पाणी मैत्रिणीनं आपल्या हातानं घेतलं तेव्हा मी आईकडे चोरून पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. ती म्हणाली, "तुझी आई चांगली आहे." मी विजयी मुद्रेनं तिच्याकडे पाहिलं. मी काही म्हणावं याची ती वाट बघत होती, पण मी मोठ्या मनानं काही म्हटलं नाही. घरी येईपर्यंत स्कूटीवर गुणगुणत होते.

रविवार कानबाईत गेला. माणसं, स्वयंपाक, गाणी, देवघराकडे कोणाचं लक्ष? सोमवारी देवीचं विसर्जन करून आल्यावर मी देवघरातली बाटली काढायला गेले. ती लाल नव्हती. वरचं पाणी मळकट झालं होतं आणि तळाला निळसर काळा गाळ बसला होता. यात मीठ गेलं, हे मला दिसताक्षणी कळलं. पण देवघरात मीठ कुठून येणार? मी झाकण उघडलं. गोमूत्राचा वास आला.

आई अंगण झाडत होती. मी विचारलं तेव्हा तिनं काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं. कानबाईच्या गव्हाला बाहेरच्या माणसाचा हात लागला, म्हणून तिनं शनिवारी संध्याकाळी वाटीत गोमूत्र आणि सोन्याचं पाणी एकत्र केलं आणि गव्हावर, सुपावर, माठावर शिंपडलं. एरवी आपण पाण्यात सोन्याची बांगडी बुडवतो. या वेळी घरात सोन्याचंच पाणी होतं, मग बांगडी कशाला? आणि वाटीत जे उरलं ते तिनं परत बाटलीत ओतलं.

"सोनं कोनी फेकी देस का?" ती म्हणाली.

मी म्हटलं, शेजारची काकूही बाहेरचीच, तिनंही गहू निवडला, ती एकटीच असती तर शिंपडलं असतं का? आई झाडायची थांबली. मी काय विचारते आहे हे तिला कळेना, का कळून कळू द्यायचं नव्हतं, कोण जाणे. काकू काय, आपलीच शे, असं काहीसं पुटपुटून ती पुन्हा झाडू लागली.

मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी मी त्याच गव्हाचे रोट खाल्ले होते आणि चांगले झाले म्हणून आईचं कौतुक केलं होतं. आई वाईट बाई असती तर किती सोपं झालं असतं! भांडले असते, दोन दिवस जेवले नसते. पण तूप वाढणारा हात आणि शिंपडणारा हात एकच होता, आणि दोन्ही वेळी तो मनापासून चालला होता. त्याच हातानं मला वाढवलं होतं.

मंगळवारी निघताना ठरवलं, बाटली फुटली म्हणून सांगायचं. वाटेत पाटचारीवर स्कूटी थांबवली, बाटली काढली, झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिले. ओतवेना. गाळ झाला तरी ते सोनं होतं. तिनं केलेलं सोनं. ते उसाला जाणाऱ्या पाटाच्या पाण्यात सोडून द्यायला माझा हात धजेना. शेवटी आईचीच मुलगी. झाकण लावलं आणि बाटली पुन्हा डिकीत ठेवली.

प्रयोगशाळेत काय सांगायचं याची जुळवाजुळव करत मी पोचले, तर ती फाटकातच उभी होती. तास लवकर होता. "बाटली?" म्हणत तिनंच डिकी उघडली.

तिनं बाटली उजेडात धरली. भुवया वर गेल्या. "मीठ?"

"हो," मी म्हटलं. "चुकून."

तिनं झाकण फिरवलं. मी हात पुढे केला, पण उशीर झाला होता. तिनं वास घेतला. तिच्या घरी गुरं आहेत, त्या वासाला दुसरं नाव देण्याची सोय नव्हती. झाकण तिनं नीट, घट्ट लावलं. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाली, चल, मुलं आली असतील.

तासाला तिनं दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, एक लाल आणि एक ही. मी मागच्या बाकाशी उभी होते, कारण पुढे उभं राहायची हिंमत नव्हती. तिनं मुलांना सगळं नेहमीसारखंच समजावून सांगितलं. या बाटलीत जेवढं सोनं आहे तेवढंच त्या बाटलीत आहे, रतीभरही कमी झालेलं नाही. फक्त इथे कण सुटे आहेत आणि तिथे ते एकमेकांना चिकटले. कोणी तरी विचारलं, मॅडम, ही कशानं झाली? ती म्हणाली, खारट काहीतरी पडलं. कशातलं ते महत्त्वाचं नाही, कुठलाही क्षार हेच करतो. तिचा आवाज जराही हलला नाही. मला वाटलं, हिनं सगळ्यांदेखत माझं नाव घ्यावं आणि एकदा हे संपवावं.

मुलं गेल्यावर ती भांडी धुवायला लागली. मी शेजारी उभी राहून सगळं सांगितलं. गहू, सूप, माठ. माफी मागितली. तीही धड मागता आली नाही, कारण कोणाच्या वतीनं मागायची तेच कळत नव्हतं. तिनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"शाळेत असताना आम्ही एका घरी भाड्यानं राहायचो," ती म्हणाली. "नळावर माझी बादली भरून झाली की मालकीणबाई पाण्यात बांगडी बुडवून शिंपडायच्या. मला तेव्हापासून वाटायचं, बांगडीतून पाण्यात काही उतरत तर नाही. साधंच पाणी ते." तिनं चंबू खिडकीपाशी धरला. "या वेळी खरंच सोनं होतं. आणि मीच केलेलं."

ती हसली, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. मग दुपारी खायला आणलेला लोणच्याचा डबा तसाच माझ्या हातात ठेवून म्हणाली की ती आता आमच्याकडे येणार नाही. मी आईला काय सांगायचं ते तिनंच ठरवून दिलं: गावी जाते, सुट्टी नसते, काम असतं. "मला कळलं हे त्यांना सांगू नकोस. त्यांना लाज वाटेल."

आईला लाज वाटणार नाही, हे मी तिला सांगितलं नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

आमचं काम त्यानंतरही चालू राहिलं. भांडणं कमी झाली. मी धुतलेला चंबू ती आता न बघता वापरते, आणि तिनं तो पुन्हा धुवायला घ्यावा म्हणून माझा जीव तुटतो. आई मात्र दर थोड्या दिवसांनी विचारत राहिली, तुझी मैत्रीण का येत नाही? तिच्यासाठी डबे भरत राहिली. लोणचं, कुरडया, एकदा डिंकाचे लाडू. मी डबा नेला की मैत्रीण तो परत माझ्याकडे सरकवायची: तूच खा. एकटीनं स्टाफरूममध्ये बसून मी ते खायची, डबा धुऊन आणायची आणि तिला आवडलं म्हणून सांगायची. आई खूश व्हायची.

दिवाळीच्या आधी आई चुलीपाशी शेव पाडत होती. बाटलीची गोष्ट बायकांमध्ये फिरली होती. कोणाच्या घरी सुतक फिटायचं होतं, कोणाची वास्तुशांत होती. सोन्याचं पाणी थोडं मिळेल का, अशी विचारणा होत होती. आईनं सहज सांगितलं की पुन्हा एक बाटली आण.

"तिलेच सांग ना," ती म्हणाली. "तिन्हा हातले गुण शे."

इतके दिवस दाबून ठेवलेलं त्या वाक्यानं बाहेर आलं. मी म्हटलं, "मांगे ते पानी तिन्हामुयेच शिपडं ना तू?"

आईचा हात थांबला. कढईतली शेव लाल व्हायला लागली. "ते येगळं शे," ती म्हणाली. मग तिनं मान वर केली. "तिले माहीत शे?"

"हो."

"कवय पासून?"

मी सांगितलं, त्याच मंगळवारपासून. आईनं शेव काढली, झारा ताटलीत ठेवला आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ओट्यावर मैत्रिणीसाठी शेव भरून ठेवलेला डबा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मनात काहीतरी मोजत असावी. मग तिचा चेहरा असा उतरला की मी तसा कधी पाहिला नव्हता. मैत्रिणीला माझ्या आईबद्दल माझ्याहून जास्त कळलं होतं.

"मंग मन्हं लोनचं?" आईनं हळूच विचारलं. "ते कोनी खादं?"

"मी," मी म्हटलं.

तिनं पदराला हात पुसले, डबा उचलला आणि झाकण उघडलं. शेव परत मोठ्या डब्यात ओतावी की तशीच राहू द्यावी, हे तिला ठरवता येईना. डबा हातात धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी होती.